घरच्या ओसरीवर ग्रंथालय

एम. ए. द्वितीय वर्ष (इतिहास)

गतवर्षी दसऱ्याच्या सुमारास माझ्या आईचे पोटाचे ऑपरेशन झाले. तीन महिने तिने जड काम करू नये, असे डॉक्टरांनी बजावले. घरी आबा एकटे, शेतात वेचणीला आलेला कापूस आणि गोठ्यात दोन म्हशी. जालन्याची खोली सोडून मी भोकरदन तालुक्यातील आमच्या गावी परत आले. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना संशोधन प्रकल्प सादर करावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. मी 'प्राचीन भोगवर्धन', म्हणजे आजचे भोकरदन, हा विषय घेतला होता. जानेवारीअखेर प्रकल्प द्यायचा होता आणि ग्रंथालय एस. टी. च्या लांबच्या वाटेवर राहिले होते. यंदाचे वर्ष सोडून द्यावे, असे माझ्या मनाने जवळजवळ ठरवले होते.

तसे सांगण्यासाठी मी आमच्या ग्रंथपाल सरांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुस्तक आता तुझ्या घरी यायला तयार आहे. पण त्याला हाक कशी मारायची, ते तुला शिकावं लागेल."

त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी जे शिकले, ते माझ्यासारख्या खेड्यात राहणाऱ्या, घरकाम व शेतकाम सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. मी काही या विषयातील जाणकार नव्हे. वाट चुकून सापडलेल्या माणसाने मागून येणाऱ्यास खुणा सांगाव्यात, इतकाच याचा हेतू आहे.

पेटीपासून पडद्यापर्यंत

वाचकाने ग्रंथालयाकडे जायचे, ही रीत जुनी आहे. पण ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा विचारही काही नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. त्यांनी १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. तिचाच एक भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत पाठवल्या जात. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, या गोष्टी त्यांनी त्या सूत्रांतून सांगितल्या.

आज ती पेटी मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. फरक एवढाच, की पेटीत मोजकी पुस्तके असत आणि ती कोणीतरी आपल्यासाठी निवडून पाठवलेली असत. पडद्यामागे लाखो ग्रंथ आणि लेख आहेत व निवड आपल्यालाच करावी लागते. म्हणूनच सोय वाढली तशी आपली जबाबदारीही वाढली आहे.

उघडी दारे आणि किल्लीची दारे

सुरुवातीस माझा मोठा गोंधळ झाला. काही लेख लगेच उघडत, तर काही लेखांचे पहिले पान दाखवून पुढे पैसे मागितले जात. मला वाटे, माझा मोबाईलच जुना असावा. सरांनी सांगितले, "दारं दोन प्रकारची असतात. काही सगळ्यांना उघडी, काहींना किल्ली लागते. दारासमोर उभं राहण्याआधी ते कोणतं, एवढं ओळखायला शीक."

उघड्या दारांपैकी पहिले म्हणजे 'शोधगंगा'. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम करून पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांना बंधनकारक केले. हे प्रबंध गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' या केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात ठेवले जातात. ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठातील प्रबंधही तेथे आहेत. दुसरे दार 'भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालया'चे. ते आयआयटी खरगपूर या संस्थेने उभारले आणि २०१८ साली देशाला अर्पण झाले. तिसरे दार आपल्या मराठीचे. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज विश्वकोशातील नोंदी घरबसल्या वाचता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक पुस्तके संगणकावर खुली केली आहेत. ज्यांचा हक्क संपला आहे अशा जुन्या इंग्रजी ग्रंथांसाठी 'इंटरनेट आर्काइव्ह' उपयोगी पडते.

किल्लीची दारे म्हणजे वर्गणीची नियतकालिके. ती महाविद्यालयात बसून उघडतात आणि घरी उघडत नाहीत, याचे कारण सोपे आहे. महाविद्यालयाच्या आवारातील इंटरनेट-जोडणीला एक क्रमांक असतो. प्रकाशकाच्या संगणकाला तो क्रमांक ओळखीचा असतो, म्हणून तो दार उघडतो. आपल्या ओसरीवरच्या मोबाईलचा क्रमांक मात्र त्याला अनोळखी. अशा वेळी महाविद्यालय आपल्यासाठी ग्वाही देते. ग्रंथपाल आपले नाव नोंदवून वापरनाव आणि सांकेतिक शब्द, म्हणजेच पासवर्ड, मिळवून देतात. आपण तो घातला, की "हा आमचाच विद्यार्थी आहे," असे प्रकाशकाला कळवले जाते आणि दार उघडते. गावात नवख्या माणसाला ओळखीच्या माणसाची चिठ्ठी लागते, तसाच हा प्रकार आहे.

महाविद्यालयांसाठी अशी सोय 'एन-लिस्ट' या उपक्रमाने २०१० साली सुरू झाली. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे 'एक राष्ट्र, एक वर्गणी', या योजनेस मंजुरी दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके देशातील शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना मिळावीत, यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. आपले महाविद्यालय कोणत्या व्यवस्थेत बसते आणि आपल्याला कोणती किल्ली मिळू शकते, हे ग्रंथपालांना विचारण्यात मुळीच संकोच करू नये. मी दोन वर्षे महाविद्यालयात होते, पण हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. किल्ली ग्रंथालयात होती आणि मी दाराला दोष देत बसले होते.

कोणत्या नावाने हाक मारावी?

दार उघडले, तरी आतले पुस्तक आपोआप समोर येत नाही. पहिल्या दिवशी मी "भोकरदनचा इतिहास" एवढेच लिहून शोध घेतला. लग्नाची कार्यालये, बाजारभाव आणि निवडणुकीच्या बातम्या, असे सर्व काही आले. इतिहास तेवढा आला नाही. तेव्हा सरांनी मला एक वही करायला सांगितली. तिच्यात आपल्या विषयाची जितकी नावे सापडतील तितकी लिहायची. हा साधा उपाय मला सर्वांत अधिक उपयोगी पडला.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, भोकरदन, जाफराबाद व अंबड हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होता. म्हणजे १९८१ पूर्वीच्या ग्रंथांत "जालना जिल्हा" शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही. भोकरदनची माहिती हवी असेल तर १८८४ चे आणि १९७७ चे औरंगाबाद गॅझेटिअर पाहावे लागते. शिवाय औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तेव्हा जुन्या ग्रंथासाठी जुने नाव आणि नव्या लेखासाठी दोन्ही नावे, हे भान ठेवले पाहिजे.

इंग्रजी अक्षरांची तर आणखी गंमत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी जालन्याच्या नावात 'जे' आणि 'ए' नंतर एक 'यू' घालीत. त्या जुन्या लेखनाने शोध घेतला, की छावणीसंबंधीचे उल्लेख सापडू लागतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीच्या हाताखालची इंग्रज फौज यांची लढाई आपल्या जिल्ह्यातील असई येथे झाली. आपण 'असई' म्हणतो. इंग्रजी ग्रंथांत मात्र दोन 'एस' आणि शेवटी 'वाय-ई' असे लिहिलेले असते. आपल्याच गावाला परक्याने ज्या नावाने हाक मारली, ते नाव ठाऊक नसेल, तर आपल्या गावाची कागदपत्रे आपल्यालाच सापडत नाहीत.

माझ्या वहीत 'भोकरदन', 'भोगवर्धन', औरंगाबाद जिल्हा, मराठवाडा, हैदराबाद संस्थान, सातवाहन अशी नावे जमली. 'भोगवर्धन' या नावाने शोधताच मी थेट मध्य प्रदेशात पोहोचले. सांची आणि भरहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या गावची माणसे इतक्या दूरवर दान देत होती, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

'शोधगंगे'वर शोधताना आणखी एक अडचण येते. मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत, तर कधी इंग्रजी अक्षरांत नोंदलेली असतात. कित्येक प्रबंध जुन्या संगणकीय अक्षरांत टंकलेले किंवा छायाचित्राप्रमाणे उतरवलेले असतात. त्यामुळे आतील शब्द शोधयंत्राला वाचता येत नाहीत. तेव्हा दोन्ही लिपींत शोध घ्यावा आणि विषय जवळचा वाटल्यास अनुक्रमणिका स्वतः उघडून पाहावी. प्रबंधाची प्रकरणे वेगवेगळी ठेवलेली असल्यामुळे सगळा प्रबंध उतरवून घेण्याची गरज पडत नाही. सर्वांत आधी शेवटची संदर्भसूची वाचावी. एका चांगल्या सूचीतून पुढच्या दहा ग्रंथांची वाट सापडते.

माझी एक चूक

आता एक चूक प्रांजळपणे सांगते, कारण माझा खरा धडा तीच आहे.

इटलीतील पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही तिच्याशी मिळतीजुळती खंडित हस्तिदंती मूर्ती मिळाली. इंटरनेटवरील एका लोकप्रिय लेखात मी वाचले, की पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरानेच घडवली. माझी छाती अभिमानाने फुगली. मी ते वाक्य जसेच्या तसे प्रकल्पात उतरवले आणि मार्गदर्शक मॅडमना पाठवले. आबांनाही मोठ्या आनंदाने सांगितले.

मॅडमनी त्या वाक्याखाली एकच शब्द लिहून परत पाठवले : "आधार?"

मी आधार शोधू लागले. 'भोकरदन' या शब्दाने काही मिळेना. मग "पॉम्पेई", "हस्तिदंत" आणि "मूर्ती" यांचे इंग्रजी शब्द एकत्र घालून शोध घेतला. 'आर्टिबस एशिए' या नियतकालिकातील मिरेला लेव्ही द'अँकोना यांचा १९५० सालचा लेख सापडला. 'जेस्टोर' या भांडारात विनामूल्य नाव नोंदवल्यास दरमहा काही लेख पडद्यावर वाचता येतात, त्या सोयीने मी तो शब्दकोश जवळ घेऊन तीन रात्रींत वाचला. त्यात भोकरदनचे नावही नव्हते! मी खट्टू झाले. मग लेखाचे साल पुन्हा पाहिले आणि स्वतःचेच हसू आले. लेख १९५० चा, उत्खनन १९७३ चे. बाईंना ते ठाऊक असणार तरी कसे? त्या दिवसापासून कोणताही लेख वाचण्याआधी त्याचे साल पाहण्याची सवय मला लागली.

उत्खननाचा अहवाल शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा असून तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. मला त्याची छापील प्रतच पाहणे भाग होते. विद्यापीठ-ग्रंथालयांतील पुस्तकांची 'इंडकॅट' नावाची एकत्रित सूची घरूनच पाहता येते. ती पाहून आणि ग्रंथपाल सरांना विचारून प्रत कोठे मिळेल ते निश्चित केले. मग मावशीला आईजवळ ठेवून मी एका दिवसासाठी पहाटेची एस. टी. धरली. काय पाहायचे त्याची यादी वहीत तयार होती, म्हणून तो एक दिवस पुरला. घरच्या शोधाने ग्रंथालयातली फेरी टळत नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. पण दहा फेऱ्यांचे काम एका फेरीत होते.

सर्व वाचून झाल्यावर चित्र वेगळेच दिसले. तशी मूर्ती तेर येथेही मिळाली आहे. तिकडे पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील खूण असल्याने आणि अफगाणिस्तानातील बेग्राम येथील हस्तिदंती कामाशी तिचे साम्य असल्याने काही अभ्यासक तिचा संबंध वायव्येकडे जोडतात, तर काही दख्खनकडे. म्हणजे ती मूर्ती भोकरदनची असू शकेल. ती भोकरदनचीच आहे, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

हे आबांना सांगणे मला जड गेले. ते म्हणाले, "म्हंजे आपली न्हाई म्हणायलीस?"

"आपली असंलही, आबा. पण तसं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तसंच लिही, बाई. सातबाऱ्यावर नाव नसताना वावर आपलं म्हणता येतंय व्हय?"

संशोधनपद्धतीवरील व्याख्याने मी वर्गात ऐकली होती. पण 'आधार' या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री ओसरीवर समजला.

काही व्यावहारिक सूचना

अनुभवावरून थोड्या सूचना देते.

पहिली, वही. काय शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे तारखेसह लिहावे. नाहीतर तोच शोध चार वेळा होतो.

दुसरी, वेळ. आमच्या गावी दिवसा नेटवर्क घरात येत नसे. पहाटे ओसरीच्या कडेला बसले, की ते बरे मिळे. त्या वेळी फक्त उतरवून घ्यायचे आणि वाचन सावकाश दिवसभरात करायचे, असा मी नियम केला. कापूस वेचून आल्यावर दुपारी पाने वाचायची, त्याला नेटवर्क लागत नाही.

तिसरी, संदर्भ. लेखकाचे नाव, ग्रंथ वा लेखाचे नाव, साल आणि पृष्ठ लगेच टिपून ठेवावे. पडद्यावरचा पानाचा आकडा आणि पुस्तकावर छापलेला आकडा पुष्कळदा वेगळा असतो, छापलेलाच घ्यावा.

चौथी, अवतरणचिन्ह. दोन-तीन शब्दांचे नाव शोधताना ते अवतरणचिन्हांत घातले, तर ते शब्द एकत्र असलेलीच पाने समोर येतात. पसारा पुष्कळ कमी होतो.

पाचवी, प्रामाणिकपणा. आपला पासवर्ड मित्रमैत्रिणींना देऊ नये. एकदम शेकडो लेख उतरवून घेऊ नयेत. तसे केल्यास सबंध महाविद्यालयाची सोय बंद पडू शकते. आणि दुसऱ्याचे वाक्य घेतले, तर त्याचे नाव सांगावे. मोबाईलवरून वाक्य उचलणे दोन बोटांचे काम आहे, म्हणून ते योग्य ठरत नाही.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, विचारणे. यंत्र आपल्याला शब्द शोधून देते. आपल्या मनातला प्रश्न ओळखून योग्य शब्द सुचवण्याचे काम अनुभवी ग्रंथपाल करतात. अडलेल्या प्रत्येक ठिकाणी मला सरांच्या एका फोनने पुढे नेले.

समारोप

प्रकल्प वेळेवर सादर झाला. मूर्तीविषयीचे ते एक ओळीचे वाक्य शेवटी पाऊण पानाचे झाले, आणि मॅडमनी त्याखाली बरोबरची खूण केली. आई आता हिंडूफिरू लागली आहे.

आपल्या वर्गातील कितीतरी मुली लग्नानंतर वा घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सोडतात. कितीतरी मुले मोंढ्यात हमाली करून किंवा कारखान्यात रात्रपाळी करून शिकतात. ग्रंथालयाच्या वेळेत त्यांना ग्रंथालयात येता येत नाही. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की वर्ष सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा ग्रंथपालांना भेटा, भेटता येत नसेल तर फोन करा आणि आपली किल्ली मागून घ्या. ती आपल्याच नावाने तेथे ठेवलेली आहे.